गेम कंपन्यांचं महिन्याचं सबस्क्रिप्शन भरत राहायचं की नको? १४ महिन्यांचा हिशोब टाकालोय

उद्यमबाग_सेटर

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदाच धागा काढालोय. परवा वही घेऊन हिशोबाला बसलो आणि तेव्हापासून डोक्यातनं जाईना झालंय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटर आहे, राहायला वडगाव. गेल्या वर्षी एका मोठ्या गेम पब्लिशरचं, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपनीचं, महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं, पीसीवर. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. महिन्याला ३९९. तेव्हा विचार असा की नवा एक गेम तीन-चार हजाराला पडतो, इथं ३९९ मध्ये अख्खी लायब्ररी उघडी, मग विकत कशाला घ्यायचा.

आता आमच्या शॉपमध्ये प्रत्येक जॉबला कार्ड असतं. सेटिंगला किती वेळ गेला, कटिंग किती, मशीन नुसतं उभं किती, सगळं लिहायचं. दहा वर्षं तेच केल्यामुळं हात आपोआप लिहितो, तर घरी पण एक शंभर पानी वही केली होती. डाव्या पानावर डाउनलोड आणि अपडेटचा वेळ, उजव्या पानावर खरं खेळलेला वेळ. रोज दोन ओळी, जास्त नाही.

आकडे असे निघाले. १४ महिन्यांचे ५५८६ रुपये. खेळलो ६१ तास. म्हणजे तासाला ९१ रुपये आणि वर थोडे पैसे. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, खरं पुढचं बघा. त्या ६१ मधले ४३ तास दोनच महिन्यांतले आहेत. एक मे, भाचा खानापूरहून सुट्टीला आला होता, आणि एक दिवाळीचा, शॉप बंद होतं तेव्हाचा. त्या दोन महिन्यांचे ७९८ रुपये गेले, म्हणजे तासाला साडेअठरा. एवढ्या स्वस्तात दुसरी कुठली करमणूक नाही. आणि उरलेल्या १२ महिन्यांत ४७८८ रुपये भरून खेळलो १८ तास. तासाला २६६ रुपये! मशीन उभं आणि मीटर चालू, अशी गत झाली.

डावं पान तर बघवत नाही. आमच्यात ४० एमबीपीएसचं नेट आहे, शंभर जीबीच्या गेमला कागदावर साडेपाच तास लागतात. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आलो, डाउनलोड लावलं, झोपलो. दोनच्या सुमाराला लाईट गेली. लाईट आल्यावर राउटर आपोआप चालू झाला, पीसी कुठला होतोय. सकाळी उठून बघतोय तर ४२ टक्क्यांवर थांबलेलं. दुसऱ्या रात्री पूर्ण झालं, गेम उघडला, तर १७ जीबीचा अपडेट मागालाय. तिसऱ्या रात्री शेवटी सुरू झाला, पाऊण तास खेळलो आणि डोळे मिटायला लागले. वहीत त्या गेमची नोंद आहे, सेटिंग तीन रात्री, कटिंग पाऊण तास. असा जॉब मी शॉपमध्ये लावला असता तर सुपरवायझरनं दुसऱ्या दिवशी मशीनवर उभं केलं नसतं.

तर तुम्ही लोक काय करता? ईएचं ईए प्ले, युबीसॉफ्टचं युबीसॉफ्ट प्लस, मायक्रोसॉफ्टचं गेम पास, जे काय असंल ते. भरत राहायचं, मधे-मधे भरायचं, का सोडून देऊन एकेक गेम विकतच घ्यायचा? मला बंद करायचंच आहे असं नाही. मे महिन्यातले ते दिवस लै चांगले गेले होते, ते पण घालवायचे नाहीत.

निपाणीची_गेमर

दादा, वही बघून लै बरं वाटलं, असं कोण लिहीत नाही. आणि तुमचं उत्तर तुमच्या उजव्या पानावरच आहे असं मला वाटतंय.

मी बेळगावात हॉस्टेलला, थर्ड इयर. सबस्क्रिप्शन वर्षातनं दोनदाच घेते, सेमिस्टर संपली की. घेतल्या घेतल्या त्याच दिवशी कॅन्सल पण करून टाकते. कॅन्सल केलं तरी भरलेला महिना पूर्ण मिळतो, आणि पुढच्या महिन्याची आठवण ठेवावी लागत नाही. तीस दिवसांत दोन-तीन गेम संपवते आणि अभ्यासाला लागते.

सगळेच सबस्क्रिप्शनला शिव्या द्यायला लागायच्या आधी त्याची चांगली बाजू मला सांगायची आहे. मी आधी फक्त फुटबॉल आणि गाड्या खेळायची. ईए प्लेच्या यादीत इट टेक्स टू दिसला, डिसेंबर २०२१ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला. हा एकट्यानं खेळताच येत नाही, दोघंच लागतात. एक नवरा-बायको, वेगळं व्हायचं ठरवलेले, त्यांच्या लहान बाहुल्या होतात आणि परत माणसं होण्यासाठी त्यांना प्रत्येक पावलाला एकमेकांची मदत घ्यावी लागते. मी आणि माझी धाकटी बहीण, एक पीसी, एक कंट्रोलर माझ्या मैत्रिणीकडनं मागून आणलेला. मे महिन्यात निपाणीत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा रोज दोन तास. एका ठिकाणी एकीनं खिळा मारायचा आणि दुसरीनं हातोडीनं त्याला लटकून झोका घ्यायचा, ते आम्हाला वीस वेळा चुकलं असंल. बहीण तोपर्यंत माझ्याशी धड बोलत पण नव्हती, दहावीचं वर्ष आणि घरात सारखी कुरकुर. त्या पंधरा दिवसांत ती परत बोलायला लागली. तो गेम मी विकत कधीच घेतला नसता, कारण असला गेम मला आवडतो हेच मला माहीत नव्हतं. सबस्क्रिप्शनचा खरा उपयोग हा आहे.

उद्यमबाग_सेटर

ताई हे वाचून आत्ताच भाच्याला फोन करून सांगितलं. पुढच्या सुट्टीत हाच खेळायचा.

खडेबाजार_कॅफेवाला

मी गेमिंग कॅफे चालवतो, बारा मशीन. वयानं तुमच्यापेक्षा मोठा असणार म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नका.

सेटर, माझा रेट तासाला ५० आहे. तुझे ६१ तास माझ्याकडं ३०५० रुपयांत झाले असते, आणि डाउनलोड माझं, लाईट गेली तर यूपीएस माझा. हे माझी जाहिरात म्हणून सांगत नाही. ज्याला महिन्याला चार-पाच तासच मिळतात त्यानं भाड्याची लायब्ररी घरी ठेवायची गरज आहे का, एवढंच विचारतो.

अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पोरं माझ्याकडं येऊन भांडतात, की आण्णा तुम्ही एक सबस्क्रिप्शन घेऊन बारा मशीनवर का टाकत नाही. बाबांनो, ते लायसन एका माणसाच्या घरगुती वापराचं असतं. धंद्याला चालत नाही. मी तसं करणार नाही. जे गेम लावलेत ते एकतर फुकट खेळता येणारे आहेत, नाहीतर माझ्याकडं पैसे भरून धंद्याच्या परवान्याचे आहेत.

आणि मनात असलेली एक गोष्ट. २००६-०७ ला मी पहिलं दुकान टाकलं, सहा मशीन, तेव्हा पोरांची एकच मागणी, नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड. २००५ चा. निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम-३ जीटीआर, सुरुवातीलाच हातातनं जाते आणि ती परत मिळवण्यासाठी पंधरा जणांना हरवायचं. अजून पस्तिशीतली माणसं, पोराबाळांची, दुकानात येऊन विचारतात, आण्णा मोस्ट वाँटेड हाय का. तर ईएच्या यादीत मोस्ट वाँटेड नावाचा गेम आहे, खरं तो २०१२ चा, दुसरा. नाव तेच, गोष्ट नाही, ती गाडी परत मिळवायचा खेळ नाही. २००५ चा गेम पीसीला आज कुठल्याच ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही. ज्याच्याकडं डिस्क आहे त्याच्याकडंच आहे. माझ्या घरी कपाटात आहे, २००६ ला घेतलेली, कव्हर फाटलंय, डिस्कला ओरखडा नाही. यादीत शंभर गेम असतात म्हणतात, माणसाच्या मनातला एक नसतो.

शहापूर_पेठ

आण्णा लहानपण आठवलं. शाळा सुटली की दप्तरासकट तुमच्यासारख्याच एका दुकानात जाऊन बसायचो, एक जण खेळायचा आणि चार जण मागं उभे.

मला वाटतं लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करालेत म्हणून घोळ होतोय. ईएचं साधं प्ले आणि प्ले प्रो यात फरक आहे. ईएनं हे २०१४ ला ईए ॲक्सेस म्हणून एक्सबॉक्सवर सुरू केलं, पीएस ४ वर यायला २०१९ उजाडलं, २०२० ला नाव ईए प्ले केलं आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आणलं. साध्या प्लेमध्ये जुने गेम पूर्ण, नवीन गेमचे फक्त १० तास, आणि विकत घेतलात तर १० टक्के सूट. प्रो फक्त पीसीला, त्यात नवीन गेम पहिल्या दिवसापासून पूर्ण. फुटबॉलवाले इथंच फसतात. ईएच्या फुटबॉल गेमचा, एफसीचा, नवा भाग सप्टेंबरात येतो, साध्या प्लेमध्ये पूर्ण गेम यायला पुढचा मे-जून उजाडतो, तोवर सगळे मित्र पुढच्या भागाची वाट बघालेले असतात. ज्याला दरवर्षी पहिल्या आठवड्यातच मित्रांबरोबर खेळायचंय त्याला साधं प्ले कामाचं नाही. ज्याला ते दहा तास पुरतात, आवडतंय का बघायला, त्याला लै कामाचं.

युबीसॉफ्टचं पण तसंच. २०१९ च्या सप्टेंबरात यूप्ले प्लस म्हणून आलं, आता युबीसॉफ्ट प्लस. क्लासिक्समध्ये जुने गेम, प्रीमियममध्ये नवे. असॅसिन्स क्रीड शॅडोज २० मार्च २०२५ ला आला तो त्याच दिवशी प्रीमियममध्ये होता. अमेरिकेत गेम ७० डॉलर आणि प्रीमियमचा महिना १८ डॉलर. एका महिन्यात गेम संपवणारा असेल तर सरळ फायदा आहे.

खरं आता सेटर यांचा वेग घ्या. १४ महिन्यांत ६१ तास, म्हणजे महिन्याला साडेचार. असॅसिन्स क्रीडचे अलीकडचे मोठे गेम पन्नास-साठ तास घेतात. त्यांच्या वेगानं तो संपायला वर्ष लागणार, आणि वर्षभर भाडं. तोच गेम थोडा जुना झाला की स्टीमच्या सेलमध्ये सत्तर-ऐंशी टक्के सूट लागते. सावकाश खेळणाऱ्यानं विकत घ्यावा आणि झपाट्यानं खेळणाऱ्यानं भाड्यानं घ्यावा. बहुतेक लोक याच्या उलटं करतात, कारण ज्याच्याकडं वेळ कमी त्यालाच वाटतं की यादी मोठी पाहिजे.

उद्यमबाग_सेटर

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझंच चित्र आहे.

कडोली_कट्टा

शहरातली माणसं ४० एमबीपीएस म्हणून रडतात, आमच्याकडं या. फायबर गावाच्या वेशीपर्यंत आलंय, आमच्या गल्लीत नाही. मोबाईलचा रोजचा २ जीबी. शंभर जीबीचा गेम ओढायचा म्हटलं तर ५० दिवस, आणि त्या पन्नास दिवसांत दुसरं काय करायचं नाही. सबस्क्रिप्शन महिन्याचं आणि डाउनलोड पन्नास दिवसांचं, हिशोब बसतच नाही. मी काय करतो, बेळगावला चुलत भावाकडं हार्डडिस्क घेऊन जातो, त्याच्याकडं माझ्या खात्यानं डाउनलोड करतो आणि घरी आणून गेमच्या फोल्डरवर इन्स्टॉल दाखवतो, तेव्हा नुसतं तपासून घेतंय, परत ओढत नाही. खरं हे विकत घेतलेल्या गेमला परवडतंय कारण एकदाच जावं लागतं. भाड्याच्या गेमसाठी कोण सारखं हार्डडिस्क खिशात घालून बसनं जाणार.

गावाकडच्या पोरांनी आधी नेट बघावं, मग दर बघावा.

चिक्कोडी_मास्तर

सगळ्यांना नमस्कार. मी शाळेत शिक्षक आहे, गेममधलं मला फार कळत नाही, धागा मुलामुळे वाचतो आहे. दोन प्रश्न आहेत, कृपया कोणी नीट सांगावं.

पहिला, माझ्या खात्यातून दर महिन्याला रक्कम जाते. मुलानं माझ्या फोनवरून यूपीआयनं एकदाच मंजूर केलं होतं, मला वाटलं एकदाच जाणार. सात महिने जात आहे. त्याला ओरडलो, तो म्हणतो ॲप काढून टाकलं तेव्हाच बंद झालं असं वाटलं. मुलगा खोटं बोलणारा नाही. हे बंद कसं करायचं?

दुसरा, ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला असं ऐकलं. मग हे कायदेशीर आहे का? घरात यावरून दोन दिवस बोलणं बंद आहे.

पतसंस्था_क्लार्क

सर नमस्कार. तुमचा मुलगा खरंच सांगतोय, ही चूक रोज कोणी ना कोणी करतं, माझ्या काउंटरवर बघतो मी.

ॲप काढल्यानं काहीच बंद होत नाही. मंजुरी बँकेकडं असते, गेमकडं नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून भाग असतो, प्रोफाइलवर दाबलं की खाली सापडेल. तिथं चालू असलेल्या सगळ्या मंजुऱ्या दिसतात, नाव, रक्कम, पुढची तारीख. त्यातली ही उघडायची आणि रद्द करायची, पिन मागेल. आणि गेमच्या खात्यातनं पण कॅन्सल करून ठेवा, दोन्हीकडनं. रद्द झाल्याचा मेसेज येतो तो पुसू नका.

अजून एक. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे, असे परत-परत जाणारे पैसे कापायच्या आधी निदान २४ तास तुम्हाला कळवायला पाहिजे. १५ हजाराच्या आत ओटीपी लागत नाही म्हणून ते गपचूप गेल्यासारखे वाटतात, खरं मेसेज आलेला असतो. आपण शंभर जाहिरातींच्या मेसेजमध्ये तो बघत नाही. सात महिन्यांचे सात मेसेज फोनमध्ये असतील, मुलाबरोबर बसून शोधा, त्याला पण कळेल.

कायद्याचं सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमधला जो केंद्राचा कायदा आहे त्यात बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. पैसे लावायचे, जिंकले तर पैसे मिळायचे, ते बंद. नुसती खेळायची फी किंवा सबस्क्रिप्शन, ज्यात जिंकणं-हरणं पैशाचं नाही, त्याला त्याच कायद्यात जागा ठेवलेली आहे. तेव्हा मुलानं बेकायदा काही केलेलं नाही. सात महिन्यांचे पैसे गेले ते गेले, घरातलं बोलणं आधी चालू करा सर.

चिक्कोडी_मास्तर

सापडलं. रद्द केलं. मेसेज आला. मुलाला शेजारी बसवूनच केलं, त्यानंच कुठं दाबायचं ते दाखवलं. आपले आभार मानावे तेवढे थोडे.

येळ्ळूरकर_बंगळुरात

मी नोकरीला बंगळुरात, गणपतीला आणि लग्नकार्याला येळ्ळूरला. मी पब्लिशरचं वेगळं घेत नाही, गेम पास अल्टिमेट घेत होतो कारण त्यात ईए प्ले नोव्हेंबर २०२० पासून आतच आहे. दोन भाडी कशाला. ॲक्टिव्हिजन ही दुसरी मोठी गेम कंपनी मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या ऑक्टोबरात घेतली तेव्हा वाटलं आता तर सोनंच लागलं. मग १ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेत दर २० डॉलरवरनं ३० वर नेला, आपल्याकडं ८२९ चा १३८९ झाला. सोबत युबीसॉफ्टचे जुने गेम टाकले, हे टाकलं, ते टाकलं, खरं मला ते नको होतं. मला माझ्या आधीच्या दरात माझं आधीचंच पाहिजे होतं.

भाड्यात हीच भीती असते. विकत घेतलेल्या गेमचा दर वाढला तर माझं काही जात नाही, माझ्याकडं आहे. भाड्याचा दर वाढला की मी आतापर्यंत भरलेले सगळे पैसे भरूनसुद्धा परत दारातच उभा. ईएनं पण २०२४ च्या मेमध्ये अमेरिकेत ५ चे ६ डॉलर केले, वर्षाचे ३० चे ४०. छोटी वाटते खरं वर्षाला तिसरा हिस्सा वाढ आहे.

डिस्क_जपून

माझं मत पहिल्यापासून एकच आहे आणि मी ते सोडणार नाही. जे आपल्या हातात राहत नाही त्याला पैसे देऊ नका.

द क्रू बघा. युबीसॉफ्टचा गाड्यांचा गेम, डिसेंबर २०१४ ला आला. लोकांनी पूर्ण पैसे देऊन विकत घेतला, भाड्यानं नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि गेम एकट्यानं सुद्धा खेळता येईना झाला, कारण तो सर्व्हरशिवाय चालायलाच बनवला नव्हता. त्यावरनंच रॉस स्कॉट यानं स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम काढली आणि युरोपात दहा लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्या. लोकांना राग आला म्हणून पुढं द क्रू २ ला ऑफलाइन चालायची सोय तरी मिळाली. त्याच कंपनीच्या सबस्क्रिप्शन विभागाच्या प्रमुखानं, फिलिप ट्रेम्ब्ले, २०२४ च्या जानेवारीत मुलाखतीत सांगितलं होतं की गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हायला पाहिजे, तसं झालं की सबस्क्रिप्शन वाढेल. मला ती सवय करून घ्यायची नाही. आमच्या आज्जीनं पितळेचे डबे तीन पिढ्या वापरले. मला माझ्या पोराला माझे गेम द्यायचे आहेत.

निपाणीची_गेमर

काका तुमचा राग समजतो आणि सह्यांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची. खरं एक सांगते, द क्रू तर विकत घेतलेलाच गेम होता. तो सबस्क्रिप्शनमुळं गेला नाही. म्हणजे विकत घेतला की आपला झाला हे पण आता खरं राहिलं नाही. स्टीमवर २०२४ च्या ऑक्टोबरपासून पैसे भरायच्या पानावरच लिहून येतं की तुम्ही लायसन घेताय, कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला म्हणून. आपण सगळे लायसनच घेतो. फरक फक्त किती दिवसांचं एवढाच.

खरोखर हातात पाहिजे असेल तर जीओजीसारख्या ठिकाणी घ्या, तिथं इन्स्टॉलरची फाईलच मिळते, हार्डडिस्कवर ठेवली की कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. सगळे गेम तिथं नसतात, खरं जुने बरेच असतात.

डिस्क_जपून

जीओजीचं बरोबर सांगितलंस पोरी. मी तिथूनच घेतो. खरं फरक फक्त दिवसांचा म्हणालीस ते मला पटत नाही. फोर्झा होरायझन ४ बघ. डिसेंबर २०२४ ला दुकानातनं काढला, गाड्यांचे आणि गाण्यांचे करार संपले म्हणून. त्याच दिवशी गेम पासमधनं पण गेला. ज्यांनी विकत घेतला होता त्यांच्याकडं आजही आहे, डाउनलोड करून खेळालेत. ज्यांनी सहा वर्षं नुसतं भाडं भरून खेळला त्यांच्याकडं काही नाही, गॅरेजमध्ये जमवलेल्या शेकडो गाड्यांची सेव्ह आहे आणि ती उघडायला गेम नाही. हा फरक दिवसांचा नाही.

निपाणीची_गेमर

हे मान्य. ज्या गेममध्ये आपण काही जमवतो तो भाड्यानं खेळू नये, हे मी पण पाळीन आता. इट टेक्स टू सारखा एकदा सुरू होऊन एकदा संपणारा गेम वेगळा आणि वर्षानुवर्षं गॅरेज भरायचा गेम वेगळा.

शहापूर_पेठ

आणि फुकटचं विसरू नका. एपिकच्या ऑनलाइन दुकानात डिसेंबर २०१८ पासून सारखे गेम फुकट येतात, गुरुवारी रात्री बदलतात, दावा केला की खात्यात राहतो. २०२० च्या मेमध्ये जीटीए ५ दिला होता. माझ्या खात्यात शंभराच्या वर जमलेत, एक रुपया दिलेला नाही. वेळ कमी असणाऱ्याला एवढी यादी आयुष्यभर पुरते.

उद्यमबाग_सेटर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सेकंड शिफ्टवरनं आलो, जेवलो, आणि हा धागा पहिल्यापासून परत वाचून वही पुढं घेतली.

मी काय ठरवलं ते लिहितो, कारण लिहिलं की मी पाळतो. मँडेट रद्द केलं. पतसंस्थेच्या भावांनी मास्तर सरांना सांगितलं तिथंच जाऊन, पिन टाकला, मेसेज आला. त्या यादीत अजून एक निघालं, एका व्हिडिओ ॲपचं, बायकोला पण माहीत नव्हतं, ते पण काढलं. आता सबस्क्रिप्शन वर्षातनं दोनदा, मे आणि दिवाळी, आणि घेतल्या दिवशीच कॅन्सल, निपाणीच्या ताईसारखं. डाउनलोड सुट्टीच्या आदल्या आठवड्यात घ्यायचं नाही, ते माझं चुकत होतं, महिना तिथूनच मोजायला लागतंय. आधी गेमचं नाव ठरवायचं, भाचा आला की त्या सकाळी महिना सुरू करायचा, आणि एकच गेम ओढायचा. या मेला इट टेक्स टू. वहीत नवीन पान केलंय, वर नाव लिहून ठेवलंय. दुसरा कंट्रोलर पण बघायला लागणार, कुणाकडं जुना चांगला असंल तर मेसेज करा.

उरलेल्या दहा महिन्यांसाठी एक गेम विकत घेणार, सेलमध्ये, मोठा, साठ तासांचा. महिन्याला जमतील तेवढे तास. वर्षभर एकच. आधी मला वाटायचं एवढा सावकाश खेळणं म्हणजे काहीतरी कमी आहे. शॉपमध्ये असे जॉब असतात, मोठे, एकेका तुकड्याला दोन-दोन शिफ्ट लागतात, आणि मला तेच जास्त आवडतात.

डिस्क_जपून काका, फोर्झाचं माझ्या भाच्याला सांगितलं. त्यानं गेम पासवर खेळलेला. तो गप्पच बसला फोनवर.

आणि आण्णा, एक विचारायचं होतं. या रविवारी भाचा इकडंच आहे. त्यानं २००५ चा मोस्ट वाँटेड कधी बघितलेलाच नाही, मी सांगतो त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. दुकानातल्या मशीनवर नको, धंद्याचं मला कळलं. तुमच्या घरी थोडा वेळ आलो तर चालेल का?

खडेबाजार_कॅफेवाला

ये की. विचारायचं काय त्यात. दुकान दुपारी चारला उघडतो, त्याच्या आधी अकराला घरी ये, पोराला घेऊन. जुना पीसी माळ्यावर आहे, आज उतरवून पुसून ठेवतो. डिस्क काढून बघितली आत्ताच, चालू होतेय.